दशमांश : सातारा-सांगली प्रांतांतील ख्रिस्ती दानपद्धतीचा विचार

जुनीं दप्तरें चाळणाऱ्यांस 'दहावा भाग' हे शब्द अपरिचित नाहींत. जमाखर्चाच्या कागदांत 'शेंकडा दहा' अशी नोंद आढळली कीं आपलें लक्ष सहजच सरदेशमुखीकडे जातें. परंतु ज्या सातारा शहरीं शाहू छत्रपतींची राजधानी होती व जेथें सरदेशमुखीच्या हक्काचा विचार चाले, त्याच शहरांत पुढें ख्रिस्ती उपासनामंदिरांतून 'दशमांश' हा शब्द अगदीं निराळ्या अर्थानें ऐकूं येऊं लागला. भाग तोच, दहावा. पण घेणारा निराळा, देणारा निराळा, आणि देण्याचें कारण तर सर्वस्वी निराळें. या भेदाकडे लक्ष न दिल्यास ख्रिस्ती मंडळ्यांचे जुने हिशेबी कागद हातीं आले असतां त्यांचा अर्थ लावण्यांत मोठी चूक होण्याचा संभव आहे. म्हणून या विषयाची थोडी फोड करण्याचें योजिलें आहे. आमचें आयुष्य संस्कृताच्या अध्यापनांत गेलें. ख्रिस्ती ईश्वरविद्येंत आम्हांस अधिकार नाहीं. तेव्हां शब्द व व्यवहार यांच्याच वाटेनें आम्ही या विषयाकडे जाणार आहों.

प्रथम मूळ ग्रंथांकडे पाहूं. इब्री भाषेंत या भागास 'मअसेर' असें नांव असून तें दहा या संख्येच्या वाचकापासूनच निघालें आहे. उत्पत्तीच्या चौदाव्या अध्यायांत अब्राहाम युद्धांतून परत येतांना शालेमचा राजा व याजक मलकीसदेक यास दहावा भाग देतो. तेथें कोणाची आज्ञा नाहीं. पुढें अठ्ठाविसाव्या अध्यायांत याकोब बेथेल येथें जें बोलतो, तें मात्र आपल्याकडील नवसासारखें आहे : देवानें सांभाळ केला, अन्नवस्त्र दिलें, सुखरूप परत आणिलें, तर मिळेल त्याचा दहावा भाग देईन. मोशेच्या नियमशास्त्रांत या ऐच्छिक दानास विधीचें रूप आलें. लेवी वंशास भूमीचा वांटा नव्हता. ते उपासनेच्या सेवेंत असत. म्हणून इतर वंशांच्या उत्पन्नाचा दहावा भाग त्यांच्या निर्वाहास लावून दिला. विशेष हा कीं, घेणाऱ्या लेव्यांसही त्या दहाव्याचा दहावा भाग याजकांसाठीं काढावा लागे. अनुवादाच्या चौदाव्या अध्यायांत दर तिसऱ्या वर्षीं हा भाग लेवी, उपरी, पोरके व विधवा यांसाठीं गांवांतच सांठवावा असें सांगितलें आहे. म्हणजे पूजास्थान व दरिद्री असे दोन्ही याचे धनी होते.

नव्या करारांत मात्र ख्रिस्ती मनुष्यानें दहावा भाग द्यावाच अशी स्पष्ट आज्ञा सांपडत नाहीं. पुदिना व जिरें यांचा देखील दशमांश काढून न्याय, दया व विश्वास यांकडे डोळेझांक करणाऱ्यांस येशूनें दोष दिला; तथापि दशमांश सोडून द्या असेंही म्हटलें नाहीं. भांडारांत दोन क्षुद्र नाणीं टाकणाऱ्या विधवेस त्यानें सर्वांहून वरचें स्थान दिलें, कारण तिनें उरलेल्यांतून न देतां होतें तेवढें दिलें. पौलानें करिंथ येथील मंडळीस आठवड्याच्या पहिल्या दिवशीं प्रत्येकानें आपल्या प्राप्तीच्या मानानें कांहीं बाजूस ठेवावें असें लिहिलें, व कुरकुरत किंवा भिडेखातर दिलेलें दान दान नव्हे असें बजाविलें. म्हणून ख्रिस्ती समाजांत आरंभापासून दोन पक्ष दिसतात. एक म्हणतो, दहावा भाग हा विधि आहे. दुसरा म्हणतो, तो केवळ माप आहे. मनुष्याचें सर्वच द्रव्य देवाचें असून आपण त्याचे कारभारी आहों.

आमच्या धर्मग्रंथांतही भाग ठरविण्याची पद्धति आहे. पराशरस्मृतीनें शेती करणाऱ्यानें राजास सहावा, देवांस एकविसावा व ब्राह्मणांस तिसावा भाग द्यावा असें सांगितलें आहे. भागवताच्या आठव्या स्कंधांत शुक्राचार्य बळीस वित्ताचे पांच विभाग करावयास सांगतात : धर्म, यश, अर्थ, काम व स्वजन. स्कंदपुराणाच्या केदारखंडांत तर न्यायानें मिळविलेल्या वित्ताचा दहावा भागच ईश्वरप्रीत्यर्थ लावावा असें वचन आहे. तैत्तिरीयोपनिषदाच्या शिक्षावल्लींत किती द्यावें हें न सांगतां कसें द्यावें हेंच सांगितलें आहे : श्रद्धेनें, लाजून, भीतियुक्त मनानें, समजून. 'किती' व 'कसें' हे दोन प्रश्न दोन्ही परंपरांत असे शेजारीं शेजारीं उभे आहेत. यावरून एकानें दुसऱ्यापासून घेतलें असा तर्क करण्याचें कारण नाहीं. परंतु सातारच्या वा सांगलीच्या श्रोत्यास दशमांशाची कल्पना सर्वथा परकी वाटली नसावी, एवढें म्हणण्यास हरकत नाहीं.

त्या श्रोत्याच्या परिचयाच्या संस्था तीन होत्या. पहिली सरदेशमुखी. इ. स. १७१९ मध्यें बाळाजी विश्वनाथ पेशवे यांनीं दक्षिणेच्या सहा सुभ्यांच्या चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा दिल्लीहून आणिल्या. त्यांपैकीं सरदेशमुखी ही शेंकडा दहाची असून छत्रपति ती आपलें वतन म्हणून मागत. हा हक्क, देणाऱ्याच्या इच्छेचा येथें प्रश्नच नव्हता. दुसरी संस्था बलुत्याची. खळ्यावर रास पडली कीं सुतार, लोहार, महार, मांग इत्यादिकांस त्यांच्या कामाबद्दल धान्याचा वांटा मिळे. हा मोबदला. तिसरी धर्मादायाची : नंदादीप, वर्षासन, इनाम, अन्नछत्र. हें पुण्यार्थ दान. दशमांश हा मापानें सरदेशमुखीसारखा, लेव्यांच्या निर्वाहाचें साधन या दृष्टीनें बलुत्यासारखा, आणि हेतूनें धर्मादायासारखा आहे. म्हणूनच तो नक्की कोणत्या सदरांत घालावा हा प्रश्न वाचकास पडतो, आणि तो खुद्द देणाऱ्यांसही पडला असला पाहिजे.

आतां इतिहासाकडे वळूं. अमेरिकन बोर्डाची स्थापना १८१० मध्यें मॅसॅच्युसेट्स प्रांतांत झाली व त्याचे पहिले मिशनरी १८१३ मध्यें मुंबईस उतरले. त्यांच्या मूळ प्रांतांत धर्मोपदेशकांसाठीं सक्तीची कर-आकारणी १८३३ पर्यंत चालू होती. फ्रान्सांतील दशमांश १७८९ च्या राज्यक्रांतींत बुडाला. इंग्लंडांत १८३६ च्या कायद्यानें धान्यरूप दशमांशाचें रूपांतर रोकड आकारांत झालें. म्हणजे पश्चिमेकडे हा भाग शेंकडों वर्षें करच होता, आणि जेव्हां तेथें त्याची सक्ती मोडत होती तेव्हांच इकडे त्याचा ऐच्छिक दान म्हणून उपदेश होऊं लागला. सातारचें राज्य १८४९ मध्यें खालसा झालें; त्याच सुमारास अमेरिकन मराठी मिशनचें ठाणें सातारा येथें बसलें. कोल्हापुराकडे १८५२ मध्यें रॉयल वाइल्डर आले. तें काम पुढें १८७० मध्यें प्रेस्बिटेरियन मिशनकडे गेलें व तेथून सांगलीपर्यंत पसरलें. डॉ. विल्यम वानलेस १८८९ मध्यें या प्रांतीं आले व १८९४ मध्यें मिरजेचें इस्पितळ उघडलें. त्याच्या इमारतीस फिलाडेल्फियाचे जॉन कॉन्व्हर्स यांची देणगी लाभली होती.

येथेंच विषयाचें मर्म आहे. इस्पितळें व शाळा दूरदेशींच्या द्रव्यावर उभ्या राहिल्या, त्यांतील मोठा भाग तिकडील सामान्य लोकांच्या देणग्यांचा. मग येथील मंडळीनें स्वतः काय द्यावें? बोर्डाचे चिटणीस रूफस अँडरसन हे १८५४-५५ मध्यें मराठी मिशन पाहावयास आले. मंडळ्यांनीं आपला कारभार आपण पाहावा, आपला खर्च आपण चालवावा व आपला प्रसार आपण करावा, असें त्यांचें मत प्रसिद्ध आहे. त्याच सुमारास अहमदनगरास हरिपंत खिस्ती व रामकृष्णपंत मोडक या एतद्देशीयांस पाळकपदाची दीक्षा मिळाली. पाळक आपला झाला म्हणजे त्याचा निर्वाहही आपण करावयाचा, हें ओघानेंच आलें. दशमांशाच्या उपदेशास जोर चढण्याचें कारण हें होय.

या मंडळ्यांत महार व मांग समाजांतून आलेले लोक पुष्कळ होते. पिढ्यान् पिढ्या खळ्याच्या कडेला उभें राहून ज्यांनीं वांटा मागावयाचा, त्यांच्या हातून आतां रास मोजून वांटा निघावयाचा होता. रक्कम क्षुल्लक असेल. पण घेणारा देणारा झाला, ही गोष्ट सामाजिक इतिहासाच्या दृष्टीनें लहान नव्हे. उपकारस्तुतीच्या उपासनेस धान्य, भाजी, अंडीं, कोंबडीं आणावीं आणि उपासना आटोपल्यावर त्यांचा लिलांव करून पैसा मंडळीच्या पेटींत टाकावा, ही मराठी मंडळ्यांतील रीति याच प्रकारची आहे. ज्याच्या घरीं नाणें नाहीं त्यासही तींत देणारा होतां येतें.

व्यवहारांत अडचणीही होत्या. वर्गांत अपूर्णांक शिकवितांना आम्हीं मुलांस पुष्कळदां विचारीत असूं, कीं रुपयाचा दहावा भाग किती? रुपयाचे सोळा आणे, आण्याच्या बारा पै. तेव्हां एकशें ब्याण्णव पैंचा दहावा भाग एक आणा सात पै व वर पैचा पांचवा हिस्सा. हें नाणें टांकसाळींत पडत नाहीं. १ एप्रिल १९५७ रोजीं दशमान नाणीं येईपर्यंत रोकडीनें अचूक दशमांश देणें लहान प्राप्तीच्या मनुष्यास कठीणच होतें. उलट विसा मणांच्या खंडीचा दहावा भाग बरोबर दोन मण. जुन्या वहींत आण्या-दोन आण्यांच्या नोंदी आढळल्या, तर देणारा दशमांश चुकवीत होता असा निष्कर्ष घाईनें काढूं नये. रुपयास एक आणा वा दोन आणे हा सोईचा हिशेबही असूं शकेल.

दुसरी अडचण अधिक खोल आहे. मंडळीचे पुष्कळ सभासद मिशनचेच नोकर असत : शिक्षक, उपदेशक, दवाखान्यांतील मदतनीस. ज्या हातानें वेतन मिळावयाचें त्याच हातासमोर दशमांश ठेवावयाचा, म्हणजे तो दान कीं वेतनांतील कपात? या प्रश्नास एका मोठ्या मनुष्यानें आपल्या आचरणानें उत्तर दिलें. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनीं १९१७ मध्यें मिशनचें वेतन सोडलें आणि साताऱ्यास येऊन 'देवाचा दरबार' उभारला. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले अशा दोघांही ख्रिस्तभक्तांस त्यांत स्थान होतें. दहावा भाग देऊन नऊ भाग निर्वेधपणें आपले मानावे, ही वृत्ति टिळकांची नव्हे. हातीं आलेलें सर्व देऊन टाकण्याच्या त्यांच्या स्वभावापायीं घर चालविणाऱ्या लक्ष्मीबाईंची किती ओढाताण होई, हें 'स्मृतिचित्रें' वाचणाऱ्यांस ठाऊक आहे. दात्याचें दान घरांतील दुसऱ्या माणसाच्या ताटांतून निघतें, ही गोष्ट दानाचा इतिहास लिहितांना विसरतां येत नाहीं. टिळक ९ मे १९१९ रोजीं मुंबईस निवर्तले. साताऱ्याचा तो प्रयोग दोन वर्षांच्या आंतच पोरका झाला.

त्याच साताऱ्यांत कर्मवीर भाऊराव पाटील यांनीं १९१९ मध्यें काले येथें स्थापिलेली रयत शिक्षण संस्था १९२४ मध्यें आणिली. तिच्या वसतिगृहासाठीं घरोघरच्या बायका दळणाच्या वेळीं मूठभर धान्य बाजूस काढून ठेवीत, तोच 'मूठफंड'. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनीं मुलांच्या जेवणासाठीं मंगळसूत्रहि विकलें. हें कार्य ख्रिस्ती नव्हे, व त्यावर ख्रिस्ती छाप मारण्याचा आमचा हेतु नाहीं. परंतु मिझो टेकड्यांतील ख्रिस्ती मंडळ्यांत १९१० पासून प्रत्येक स्वयंपाकाच्या वेळीं मूठभर तांदूळ देवासाठीं वेगळा काढण्याची रीति आहे, व ती आजही चालते. शिजविण्यापूर्वीं काढलेली मूठ आणि जेवून उरलेलें यांतील फरक दोन्हीं ठिकाणच्या बायकांस शास्त्रावांचून कळला होता.

यावरून आमचा अभिप्राय असा. या प्रांतांतील ख्रिस्ती दशमांश हा सरदेशमुखीसारखा हक्क नव्हता, कारण तो न देणाऱ्यावर जप्ती येत नसे; तो बलुतें नव्हता, कारण घेणाऱ्या पाळकानेंही द्यावयाचा होता; आणि तो नवसही नव्हता, जरी मलाखीच्या ग्रंथांतील आशीर्वादाचें वचन ऐकून कित्येकांनीं त्यास नवसाचें रूप दिलें असेल. त्यास सर्वांत जवळची उपमा कारभाऱ्याची आहे, आणि मराठी ख्रिस्ती लोकांनीं हाच शब्द उचलला हें योग्यच झालें. सांगलीच्या संस्थानाचा व्यवहार पाहणाऱ्या आमच्या प्रांतास कारभारी म्हणजे काय हें सांगावें लागत नाहीं : खजिना हातीं, मालकी दुसऱ्याची, आणि वर्षाअखेर ताळेबंद चुकत नाहीं.

शेवटीं संग्राहक मित्रांस एक विनंति. सनदा व महजर यांवर आपली दृष्टि असते. मंडळीच्या वर्गणीच्या वह्या, अर्पणाच्या याद्या व पाळकांच्या वेतनाचे हिशेब यांकडे ती जात नाहीं. या मंडळ्या १९२४ मध्यें उत्तर हिंदुस्थानच्या संयुक्त मंडळींत व १९७० मध्यें चर्च ऑफ नॉर्थ इंडियांत सामील झाल्या. दक्षिण सातारा जिल्हा १९४९ मध्यें वेगळा होऊन १९६० मध्यें सांगली झाला. अशा प्रत्येक फेरबदलांत जुनें दप्तर एका कपाटांतून दुसऱ्यांत जातें व वाटेंत कांहीं गहाळ होतें. अशी वही मोडी असो वा बाळबोध, हातीं आल्यास चार गोष्टी अवश्य पाहाव्या. नोंद धान्याची आहे कीं रोकडीची? रक्कम वेतनांतून वळती केली आहे कीं हातानें दिली आहे? स्त्रियांचीं नांवें स्वतंत्र आहेत कीं पतीच्या नांवांत बुडालीं आहेत? आणि जमा झालेलें आपल्या पाळकास गेलें, गरिबांस गेलें, कीं परगांवच्या कार्यास? या चार प्रश्नांचीं उत्तरें दहा-वीस वह्यांतून मिळालीं, तर वर मांडलेला अभिप्राय खरा कीं खोटा हें ठरवितां येईल. तो खोटा ठरला तरी आम्हांस समाधानच वाटेल. वह्या मात्र रद्दींत जाऊं नयेत.