धक्क्यावरचें कुलूप

गेल्या पंधरवड्यांत एका दिवाणी दाव्यांतील जागेची पाहणी करण्याच्या निमित्तानें आम्हांस सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील एका खाडीकाठच्या गांवीं जाण्याचा योग आला. गांवाचें नांव आम्ही मुद्दाम देत नाहीं. कारण जें सांगावयाचें आहे तें एका गांवापुरतें नसून आपल्या साऱ्या किनाऱ्याचें आहे. सह्याद्रींत उगम पावून थोडक्याच कोसांत समुद्रास मिळणाऱ्या ज्या लहान लहान नद्या कोंकणांत आहेत, त्यांपैकीं एकीच्या मुखाशीं हें गांव वसलें आहे. एका बाजूस माडांच्या बागा, दुसऱ्या बाजूस भरतीनें फुगलेलें पात्र, पैलतीरास ने-आण करणारी तर, आणि दुपारच्या वेळीं इतकी शांतता कीं वल्ह्याचा आवाज काठावर ऐकूं यावा. शहरच्या गजबजाटांतून आलेल्या मनुष्यास क्षणभर हेवा वाटावा असेंच हें स्थळ आहे.

परंतु शोभा पाहून देहधर्म थांबत नाहींत. तीन तासांच्या प्रवासानंतर आम्हांस जी गोष्ट प्रथम शोधावी लागली ती देऊळ नव्हे व खाणावळही नव्हे. जिचा उच्चार सभ्य मंडळी टाळतात त्याच गोष्टीची चर्चा आज आम्ही करणार आहों. कारण न बोलल्यानें ही अडचण सुटत नाहीं, असाच आजवरचा अनुभव आहे.

धक्क्यापाशीं सार्वजनिक शौचकूपांची एक इमारत उभी होती. भिंतींस चांगला रंग, रंगावर स्वच्छतेचें बोधवाक्य, दर्शनीं उद्घाटनाची पाटी, आणि दोन्ही दारांस गंजलेलीं कुलुपें! किल्ली कोणाकडे, असें विचारतां एकानें ग्रामपंचायतीच्या कचेरीकडे बोट दाखविलें. तेथें गेलों तों किल्ली बाळगणारे गृहस्थ तालुक्याच्या गांवीं गेलेले. छपरावर टाकी होती, पण टाकींत पाणी नव्हतें. पाणी नाहीं म्हणून कुलूप, आणि कुलूप आहे म्हणून पाण्याची कोणास आठवण नाहीं, असें हें चक्र किती दिवस चाललें आहे याची कोणास नीट आठवणही नव्हती.

याच धक्क्यावर पहांटे मासळीचा लिलाव होतो, आणि मासळी विकणाऱ्या बायका टोपल्या पुढें घेऊन दुपारपर्यंत उन्हांत बसून असतात. त्यांतील एका वयस्क बाईस आम्हीं विचारलें कीं एवढ्या उकाड्यांत आपण पाण्याचा घोटही कां घेत नाहीं? ती हंसून म्हणाली, "पाणी पिऊन मगे जावचा खंय, दादानू?" त्या हंसण्यानें आम्ही खालीं मान घातली. पुरुष कोठें तरी आडोशास जातो, आणि तेंही लज्जास्पदच होय. बाईस तेवढाही मार्ग नाहीं. ती आपली तहान मारते. पाणी न पिण्यानें व तासन् तास शरीराचा वेग रोखून धरल्यानें मूत्रमार्गाचे विकार जडतात, हें कोणताही वैद्य सांगेल. म्हणजे पंचायतीच्या एका कुलपाची किंमत ही बाई आपल्या प्रकृतीनें रोज भरीत आहे.

आतां दुसरी बाजू ऐका. याच गांवाच्या पेठेंत, एस. टी. च्या थांब्यामागें, दुसरें सार्वजनिक शौचकूप आहे. तें जुनें, भिंती जांभ्याच्या, वर कौलें. दर्शनीं पाटीही नाहीं. पण दाराला आंतून कडी लागते, पिंपांत पाणी आहे, तांब्या आहे, साबण आहे, फरशी कोरडी आहे आणि संध्याकाळीं दिवाही लागतो. एक प्रौढ दांपत्य सकाळ-संध्याकाळ त्याची निगा राखतें. त्यांच्या वेतनाचा कांहीं भाग पंचायत देते व उरलेला पेठेंतील दुकानदार दरमहा वर्गणी करून देतात. लोक त्या दोघांस काका-काकी म्हणून हांक मारतात. आम्हीं एका दुकानदारास या वर्गणीचें कारण विचारलें, तेव्हां त्यानें व्यापारी रोखठोकपणानें उत्तर दिलें: गिऱ्हाईक दोन घटका निवांत थांबलें तरच खरेदी करील.

गांव एकच, माणसें तींच, पंचायत तीच. तेव्हां 'आपले लोकच घाणेरडे, त्यांना सोयी देऊन काय उपयोग?' हा जो आक्षेप शहरांतील सुशिक्षित मंडळी नेहमीं घेतात, तो या एका दाखल्यानें निकालांत निघतो. फरक लोकांच्या स्वभावांत नाहीं, व्यवस्थेंत आहे. इमारत एकदां बांधावी लागते, निगा रोज राखावी लागते. बांधण्याचा मान मिळतो, त्याचें छायाचित्र निघतें, त्याची पाटी बसते. निगा राखण्याची पाटी कोठेंही बसत नाहीं. म्हणून पहिल्या कामास पैसा निघतो व दुसऱ्या कामास निघत नाहीं.

झालेल्या कामाचें श्रेय आम्ही नाकारीत नाहीं. २०११ च्या शिरगणतीप्रमाणें ग्रामीण भारतांत अवघ्या ३०.७ टक्के कुटुंबांच्या घरच्या आवारांत शौचकूप होतें. त्यापूर्वींच, २०००-०१ सालीं, महाराष्ट्रानें संत गाडगेबाबांच्या नांवानें ग्रामस्वच्छता अभियान सुरूं केलें होतें. २ ऑक्टोबर २०१४ रोजीं देशभर स्वच्छ भारत मोहीम सुरूं झाली व पांच वर्षांनीं ग्रामीण भारत हागणदारीमुक्त झाल्याची घोषणा झाली. २०१६ सालच्या पाहणींत सपाट प्रदेशांतील सर्वांत स्वच्छ जिल्हा म्हणून सिंधुदुर्गाचा गौरव झाला. हें सर्व भूषणावह आहे. परंतु ही सारी मोजदाद मुख्यतः घरांतील शौचकूपांची होय. जो मनुष्य त्या घटकेस घरीं नाहीं, म्हणजे बाजारांत बसलेली विक्रेती, तरीची वाट पाहणारा उतारू, शाळेस पायीं जाणारी मुलगी, त्याचा हिशेब कोणी ठेवावयाचा?

पैसा नाहीं, हें पंचायतींचें ठरलेलें उत्तर असतें. या उत्तराचा निकाल सर्वोच्च न्यायालयानें १९८० सालींच लावून ठेविला आहे. रतलामच्या नगरपालिकेविरुद्ध तेथील रहिवाशांनीं तक्रार नेली कीं गटारें नाहींत, शौचकूपें नाहींत आणि रस्त्यावर घाण वाहते. न्यायमूर्ति कृष्ण अय्यर यांनीं निकाल दिला कीं सार्वजनिक स्वच्छता हें पालिकेचें कर्तव्य असून पैशाच्या अभावाची सबब तिला त्यांतून मुक्त करीत नाहीं. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या ज्या १३३ व्या कलमाखालीं तो हुकूम झाला, त्याच्या जागीं आज भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचें १५२ वें कलम आहे. राज्यघटनेच्या अकराव्या अनुसूचींतही पंचायतींकडे सोंपवावयाच्या विषयांत आरोग्य व स्वच्छता हा विषय स्पष्ट नमूद आहे. कायदा जागा आहे. त्यास हांक मारणारा नागरिक मात्र पाहिजे.

किनाऱ्यावर आणखी एक पथ्य सांभाळावें लागतें. येथील जमीन कोठें वाळूची, कोठें सच्छिद्र जांभ्याची. पाणी थोड्याच खोलीवर. शोषखड्डा विहिरीजवळ किंवा भूजलाच्या पातळीपर्यंत खोल खणला तर मैला पुन्हां पिण्याच्या पाण्यांतच येणार. म्हणून जागेची निवड जाणत्या मनुष्याच्या सल्ल्यानें व्हावी. टाकी भरल्यावर ती यंत्रानेंच उपसावी. संरक्षक साधनांशिवाय मनुष्यास टाकींत उतरविणें २०१३ च्या कायद्यानें गुन्हा ठरविलें आहे.

आणि या साऱ्याच्या मुळाशीं एक जुना कलंक आहे. हें काम अमक्याच जातीनें करावें, आणि करून पुन्हां अस्पृश्य म्हणवून घ्यावें, ही रूढि जोंवर मनांत आहे, तोंवर निगा राखण्यास प्रतिष्ठा मिळावयाची नाहीं. कोंकणास हा धडा नवा नाहीं. १९३२ सालीं रत्नागिरीच्या तुरुंगांत अप्पासाहेब पटवर्धनांनीं सफाईचें काम आपणांस मिळावें म्हणून हट्ट धरला, त्यासाठीं अन्नत्याग केला, आणि येरवड्यास गांधीजींनीं त्यांस उपोषणानें साथ दिली. पुढें याच अप्पासाहेबांनीं कणकवलीच्या गोपुरी आश्रमांत मैल्याचें खत करणारे साधे व स्वस्त संडास प्रचारांत आणले. ज्या जिल्ह्यानें हा मनुष्य पाहिला, तेथील धक्क्यावर कुलूप असणें शोभत नाहीं.

आमच्या सूचना थोडक्या आहेत. प्रत्येक ग्रामपंचायतीनें अंदाजपत्रकांत बांधकामाच्या रकमेशेजारीं निगेची रकम वेगळी दाखवावी. निगा राखणाऱ्यास नियमित वेतन, हातमोजे व रजा मिळावी. किल्ली कचेरींत न राहतां जागेवर राहावी. देखरेखीच्या समितींत मासळी विकणाऱ्या बायकांस स्थान असावें; कारण अडचण त्यांची आहे. पेठेंतील व्यापाऱ्यांनीं त्या गांवच्या दुकानदारांचा कित्ता गिरवावा. आणि सहलीस जाणाऱ्या आमच्या शहरी वाचकांनीं नाकास पदर लावून परतण्याऐवजीं चार नाणीं पेटींत टाकावीं व निगा राखणाऱ्याशीं दोन शब्द आदरानें बोलावे.

परततांना आम्हीं पंचायतीच्या कचेरींत एक लेखी अर्ज देऊन त्याची पोंच घेतली आहे. एक महिन्यानें आम्ही पुन्हां त्या धक्क्यावर जाणार आहों. त्या दिवशीं ती बाई उन्हांत बसून पोटभर पाणी पितांना दिसली, तर आमचा अर्ज पावला असें आम्ही समजूं.