अडुळसा

पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागात शिरूर व दौंड हे दोन तालुके आहेत. ते सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येत असल्यामुळे तेथे पाऊस बेताचाच पडतो. उन्हाळ्यात माळावरची धूळ उडते. हिवाळ्यात पहाटे घोड आणि भीमा या नद्यांच्या काठी गारठा पडतो. अशा दिवसांत घरात कोणी खोकू लागले, की जाणत्या माणसांना अडुळशाची आठवण होते.

अडुळसा हे साधारण पुरुषभर उंच वाढणारे झुडूप होय. त्याची पाने लांबट, टोकदार व अतिशय कडू असतात. शेळ्यादेखील त्यांना सहसा तोंड लावीत नाहीत. म्हणून हे झुडूप कुंपणाला मुद्दाम लावतात. त्याची फुले पांढरी असून पाकळ्यांवर जांभळट रेषा असतात. संस्कृतात त्याला ‘वासा’ म्हणतात. आयुर्वेदाने खोकला व दमा यांवर ते सांगितले आहे. पानांचा काढा करून देण्याची किंवा रस मधातून चाटविण्याची रीत जुनी आहे.

हा गुण पानांत कोठून येतो? श्वासनलिकेत कफ साचून घट्ट झाला, की तो सहज सुटत नाही. अडुळशाच्या पानांत ‘व्हॅसिसीन’ नावाचे द्रव्य असते. डेव्हिड हूपर या रसायनशास्त्रज्ञाने १८८८ साली ते वेगळे केले. पुढे त्याच्याच रचनेच्या आधारे ‘ब्रोमहेक्झीन’ हे कफ पातळ करणारे औषध तयार झाले. १९६० नंतरच्या दशकात ते वापरात आले आणि आजही अनेक देशांत दिले जाते.

परंतु दमा म्हणजे केवळ कफ नव्हे. दम्याच्या झटक्यात श्वासनलिकांभोवतीचे स्नायू आवळतात व आतील अस्तर सुजते. छातीतून शिट्टीसारखा आवाज येतो. रोग्याला एक वाक्यही सलग बोलता येत नाही. कधी ओठ निळसर पडतात. अशा वेळी काढा उकळीत बसणे म्हणजे मोलाचा वेळ दवडणे होय. डॉक्टरांनी दिलेल्या इनहेलरमधील औषध श्वासावाटे थेट नलिकांत पोहोचते आणि काही मिनिटांत आवळलेले स्नायू सैल करते. रोग्याला ते देऊन तत्काळ दवाखान्यात न्यावे. तान्ह्या मुलांना व गरोदर स्त्रियांना तर अडुळसा डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून मुळीच देऊ नये.

साध्या खोकल्याला कडू रसाचा चमचा पुढे करणाऱ्या आजीनेच, नातवाला धाप लागताच दवाखान्याची वाट धरावी, यातच खरे शहाणपण आहे.