पुंगळी पुन्हा भरताना

कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ रोजी ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये ऑलिंपिक कांस्यपदक जिंकलं आणि नेमबाजीचं थोडंफार ज्ञान मराठी घराघरांत पोचलं. त्या रायफलीचं .२२ काडतूस मात्र एकदाच वापरायचं असतं. त्याचं स्फोटक मिश्रण पितळी पुंगळीच्या कडेत भरलेलं असतं. फायरिंग पिन त्या कडेवर आदळली की ती चेपते. अशी पुंगळी पुन्हा भरणं व्यवहारात होत नाही. शिवाय शस्त्र अधिनियम, १९५९ प्रमाणे परवान्याशिवाय दारूगोळा बनवणं आपल्याकडे गुन्हा आहे. त्यामुळे अमेरिकेतल्या गॅरेजांमध्ये उघडपणे चालणारा एक उद्योग आपल्या ओळखीचा नाही. झाडलेल्या पुंगळ्या वेचून, साफ करून त्यांची पुन्हा काडतुसं करायची, आणि अलीकडे तर त्यासाठी मोटरीवर चालणारं यंत्र घरात आणायचं.

हे शक्य झालं ते स्फोटक मिश्रण कडेत न राहता त्याची वेगळी टोपी पुंगळीच्या बुडाच्या मधोमध आली म्हणून. इंग्लंडच्या एडवर्ड बॉक्सर यांनी १८६६ च्या सुमारास जी टोपी काढली, तिच्या घरट्याला मधोमध एकच भोक असतं. वरून पिन घातली की जळकी टोपी खाली पडते. त्याच काळात अमेरिकेच्या हायरम बर्डन यांनीही टोपी काढली, पण तिच्या घरट्याला बाजूला दोन बारीक भोकं. तिथे सरळ पिन चालत नाही. अमेरिकेने नेमकी इंग्रजाची टोपी उचलली. रानगव्यांचे शिकारी १८७० च्या दशकात तळावरच काडतुसं भरत, आणि त्यानंतर आलेलं हातातलं अवजार हुबेहूब अडकित्त्यासारखं होतं.

दुसऱ्या महायुद्धानंतर कॅन्ससच्या ब्रूस हॉजडन यांनी आयुर्विम्यावर कर्ज काढून सैन्याची शिल्लक बंदुकीची दारू विकत घेतली आणि ती काडतुसं घरी भरणाऱ्या हौशी लोकांना विकायला सुरुवात केली. मग १९७६ मध्ये मिझुरी राज्यातल्या कोलंबियात पळत-पळत, वेळेविरुद्ध नेम धरण्याच्या खेळाची आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली. या खेळात सरावालाच शेकड्यांनी काडतुसं लागतात. एकेक काडतूस भरणारं दांड्याचं यंत्र तिथे पुरेना. ॲरिझोनाच्या माइक डिलन यांनी साध्या घराला परवडेल असं ‘प्रोग्रेसिव्ह’ यंत्र आणलं ते या गरजेपोटी.

या यंत्रात एक फिरती चकती असते आणि तिच्या खाचांत पुंगळ्या उभ्या राहतात. दांड्याच्या एका खाली-वर फेरीत प्रत्येक पुंगळीवर वेगळं काम होतं. एकीची जळकी टोपी निघते आणि फुगलेलं अंग मूळ मापाला येतं, दुसरीत नवी टोपी बसते, तिसरीत मोजून दारू पडते, चौथीत गोळी दाबली जाते, पाचवीचं तोंड आवळलं जातं. चकती एक घर सरकते, एक तयार काडतूस डब्यात पडतं. पटाईत माणूस मोठ्या यंत्रावर हाताने तासाला हजारापर्यंत जातो. दांड्याच्या जागी मोटर बसवली की आकडा दोन हजारांच्या पुढे जातो. किंमत मात्र काही हजार डॉलरांत.

हाताने दांडा ओढणाऱ्याला टोपी बसताना तिचा विरोध तळहातात जाणवतो. ती तिरकी बसत असली, पुंगळी अडकली, तर हात आपोआप थांबतो. मोटरीला हे कळत नाही, म्हणून तिला ठरावीक जोरापुढे थांबायला शिकवावं लागतं आणि जागोजागी सेन्सर लावावे लागतात. जुनी टोपी खरंच पडली का, नव्या टोप्या संपत आल्या का, दारू किती पडली? दारू पडलीच नाही, तर नुसत्या टोपीच्या जोराने गोळी पिस्तुलाच्या नळीत मध्येच अडकते आणि मागून पुढची झाडली तर नळी फुटू शकते. दुप्पट पडली तर पिस्तूलच फाटतं. टोप्या उभ्या नळीत एकावर एक रचलेल्या असतात. एक चिरडून पेटली तर सगळी रांग उडते, म्हणून त्या नळीभोवती पोलादी कवच असतं. सेन्सर यातल्या बऱ्याच गोष्टी पकडतात. तरीही यंत्र चालू असताना समोरून उठून जाणारा मालक मला धोकादायक वाटतो.

आता हिशेब पाहू. वर्षाला तीस हजार फैरी झाडणारा खेळाडू धरा. हा गंभीर स्पर्धकाचा आकडा झाला. ताशी अडीच हजारांच्या वेगाने त्याचं यंत्र वर्षातून बारा तास चालेल. उरलेला सगळा वेळ जातो पुंगळ्यांपायी, आणि तिथे मोटरीचा काडीचा उपयोग नाही. मैदानावरून आणलेल्या बादलीत ९ मिलिमीटरच्या पितळी पुंगळ्यांबरोबर पोलादी असतात, .३८० मापाच्या जवळजवळ तशाच दिसणाऱ्या असतात, .४० मापाच्या पुंगळीत ९ ची घट्ट अडकून बसलेली असते. काहींच्या आत पायरी असते, ती बाहेरून दिसत नाही. सैन्याच्या पुंगळ्यांत टोपीभोवतीचं पितळ आवळलेलं असतं. ते आधी मागे सारावं लागतं. एक चुकीची पुंगळी मोटरीच्या तोंडी गेली की पुढचा अर्धा तास दुरुस्तीत जातो.

साफसफाईचंही तसंच. मक्याच्या कणसाच्या भुशात पुंगळ्या घुसळल्या की त्या लख्ख होतात, पण टोपीतल्या शिशाच्या क्षाराची धूळ त्या भुशात उतरते. भुसा चाळणाऱ्याच्या नाकातोंडात ती जाते, कपड्यांवरून घरात येते. लहान मुलं असलेल्या घरात हे काम बंद खोलीत करू नये. पाणी आणि स्टीलच्या बारीक काड्या वापरून ओल्या पद्धतीने धुणं त्यापेक्षा बरं, पण ते पाणीही शिशाचंच असतं.

घराला आणखी एक मर्यादा आहे. अमेरिकेतल्या अग्निसुरक्षा संहितेप्रमाणे राहत्या घरात दहा हजार टोप्या आणि मूळ डब्यांत वीस पौंड दारू ठेवता येते. त्याहून जास्त दारूला जाड लाकडी पेटी लागते. ९ मिलिमीटरच्या काडतुसाला दारू लागते साधारण चार-पाच ग्रेन, आणि पौंडात सात हजार ग्रेन. म्हणजे दारू कितीतरी दिवस पुरते, पण दहा हजार टोप्या हे यंत्र चार तासांत संपवतं. स्वतःपुरती काडतुसं भरायला तिथे केंद्रीय परवाना लागत नाही. विकायची झाली की लागतो. घराच्या गरजेपेक्षा यंत्र मोठं झालं की शेजाऱ्यापाजाऱ्यांना चार डबे विकून खर्च काढू, असा मोह होतो. तो कायद्याच्या पलीकडे नेतो.

टोपी घरी बनवायची वस्तू नाही. तिचं मिश्रण आघाताने पेटणारं, आणि ती करणारे मोठे अमेरिकी कारखाने बोटांवर मोजण्याइतके. २०२० च्या जुलैमध्ये त्यांतली रेमिंग्टन ही कंपनी दिवाळखोरीत गेली, त्याच वर्षी बंदुकांची मागणी उसळली, आणि हजाराला तीसेक डॉलरला मिळणाऱ्या टोप्या दुकानांतून नाहीशा झाल्या. परतल्या त्या दुप्पट-तिप्पट भावाने. यंत्रं तेल घालून तयार होती, पण त्यांना द्यायला काही नव्हतं. २०२४ च्या अखेरीला टोप्या बनवणारी फेडरल, सीसीआय आणि रेमिंग्टन ही तिन्ही नावं एकाच झेक उद्योगसमूहाकडे गेली. वर्षाला तीस हजार टोप्या लागणाऱ्याने घरातली मर्यादा पाळायची, तर त्या किमान तीन हप्त्यांत आणाव्या लागतात. त्या वेळेवर आणि परवडणाऱ्या भावात मिळतील याची सोय नसेल, तर हाताने ओढायचं यंत्र ठेवावं आणि मोटरीचे पैसे टोप्यांत घालावेत.