बत्तीसी अंदर

रंगरूटाच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा गुन्हा म्हणजे हसणं. बूट मळका असेल, बकल चमकत नसेल, दाढी नीट घोटलेली नसेल, तर त्या शिक्षेला काही हद्द असते. पण सावधानमध्ये उभ्या असलेल्या स्क्वाडमधून 'खिक्' असा आवाज आला की संपलं. कवायत शिकवणारे उस्ताद बोलता बोलता थांबतात. सावकाश वळतात. आणि एरवी कधी नसतो इतक्या मऊ आवाजात विचारतात, "दाँत किसने दिखाया?"

कोणी बोलत नाही. हात वर करणारा वेडा, शेजाऱ्याचं नाव सांगणारा त्याहून वेडा, आणि गप्प राहिलं तर रगडा सगळ्यांना. तिन्ही वाटा शेवटी एकाच जागी जातात, हे कळायला आम्हाला फार दिवस लागले नाहीत. "बत्तीसी अंदर! पूरा स्क्वाड, फ्रंट रोल, उस पेड तक, लाईन तोड!"

साताऱ्याच्या दुष्काळी पट्ट्यातून भरतीला आलेलो आम्ही दोघं-तिघं, बाकी स्क्वाड सगळ्या हिंदुस्थानातला. भरतीच्या मैदानात साडेपाच मिनिटांच्या आत सोळाशे मीटर पळालेले, दहा बीम काढलेले गडी. गावात हार-फटाके झालेले. प्रत्येकाला वाटत होतं, आपण फौजी झालो. ट्रेनिंग सेंटरला पोचल्यावर पहिल्या संध्याकाळी न्हाव्यानं सगळ्यांची डोकी एकसारखी करून टाकली आणि दुसऱ्या सकाळी कळलं की आपल्याला उभंसुद्धा राहता येत नाही.

उभं राहणं ही तिथे शिकायची गोष्ट आहे. टाचा जुळलेल्या, पंजांमध्ये तीस अंशांचा कोन, मुठी बंद, अंगठे पँटच्या शिवणीला लागून, नजर समोर. चालायचं तर मिनिटाला 120 कदम, प्रत्येक कदम तीस इंचांचा. वीस वर्षं बिनघोर चाललेला माणूस असा मोजून चालायला लागला की त्याचे हातपाय एकमेकांना ओळखेनासे होतात. प्रत्येक स्क्वाडात एक तरी असा असतोच, ज्याचा उजव्या पायाबरोबर उजवाच हात पुढे जातो. आमच्यात तो मान हरियाणाच्या एका पैलवानाला मिळाला होता. भलाथोरला गडी, पण "तेज चल" म्हटलं की कळसूत्री बाहुली व्हायचा. उस्तादांनी त्याला समजावलं, दटावलं, एकट्याला ग्राउंडभर फिरवलं. शेवटी समोर उभं करून हताशपणे विचारलं, "बेटा, तू घर से यहाँ आया कैसे? पैदल?"

"नहीं उस्ताद. ट्रेन से."

तो खरं तेच सांगत होता. आणि त्याच्या मागे तीन लायनींमधले खांदे हलायला लागले.

खांदे. ओठ दाबता येतात, नजर दगडासारखी ठेवता येते, पण हसू खांद्यात उतरतं. उस्ताद तोंडाकडे बघतच नाहीत, खांद्यांकडे बघतात. त्यावर आमचे उपाय चालत. गाल आतून चावायचा. बुटात पायाची बोटं आवळायची. घरच्या सोसायटीच्या कर्जाचा आकडा आठवायचा. माझ्या शेजारचा तमिळ मुलगा आजोबांची अंत्ययात्रा डोळ्यांसमोर आणायचा. एकदा भलत्या वेळी त्याला आठवलं की त्या यात्रेत बँडवाल्याचा पाय शेणात घसरला होता. त्या दिवशी सगळ्यांना पिट्ठू लागला.

पिट्ठू म्हणजे पाठीवरची मोठी पिशवी, किटनं गच्च भरलेली. उस्तादांना वजन कमी वाटलं तर वरून वाळू. ती घेऊन ग्राउंडला चकरा मारायच्या, हातात रायफल असेल तर ती डोक्यावर. इन्सास तशी हलकी, चार किलोच्या आसपास. पण डोक्यावर धरली की दुसऱ्या चकरेत ती किती किलोची होते, ते खांद्यालाच विचारावं. फ्रंट रोलची जात वेगळी. त्यात दम नाही लागत, जग फिरतं. मुरमावर पहिल्या पाच-सहा कोलांट्या जोशात जातात, मग झाड जागेवर राहत नाही. उठलेला माणूस झाडाऐवजी लंगरच्या, म्हणजे जेवणघराच्या, दिशेनं निघतो, आणि त्याला बघून पुन्हा कोणीतरी हसतो.

या झाल्या ठोक शिक्षा. पण चांगल्या उस्तादाची ओळख पटते ती खास गुन्ह्यासाठी बेतलेल्या शिक्षेत. साहेबांना सलाम करायला विसरलेला रंगरूट कडुलिंबाला शंभर सलाम ठोकतो आणि दर सलामीला "राम राम, साहब" म्हणतो. गादीची घडी वाकडी असलेला ती गादी डोक्यावर घेऊन बराकींना फेरी मारतो, आणि वाटेत भेटेल त्याला स्वतःहून कारण सांगतो.

मच्छरचा किस्सा तर बरेच दिवस सेंटरमध्ये फिरत होता. सूर्य मावळला की बाह्या खाली, मच्छरदाणी गादीखाली चारही बाजूंनी खोचलेली, हा मलेरियाविरुद्धचा नियम फौजेत फार कडक. एकजण मच्छरदाणी न लावता झोपलेला सापडला. हुकूम झाला: उद्याच्या रोल कॉलच्या आत एक मच्छर जिवंत पकडून हजर कर. पठ्ठ्या दुसऱ्या संध्याकाळी काडेपेटी घेऊन आला. उस्तादांनी विचारलं, "नर है या मादा?" आरोग्याच्या तासाला शिकवलेलं त्याला पक्कं आठवत होतं की फक्त मादीच चावते. "मादा, उस्ताद. मुझे काटा है."

एवढं बिनतोड उत्तर आम्ही ट्रेनिंगभरात दुसरं ऐकलं नाही. उस्तादांनाही क्षणभर काही सुचलं नाही. त्यांनी तपासायला काडेपेटी उघडली आणि मच्छर उडाला. मग त्यांचा चेहरा खुलला. "कैदी फरार! गार्ड ड्यूटी में लापरवाही!" मच्छरदाणीचा गुन्हा माफ झाला, आणि कैदी पळवल्याबद्दल त्याला त्याच ठिकाणी मुर्गा बनवण्यात आलं.

गार्ड ड्यूटीवरून आठवलं. संत्रीनं अंधारात कोणी दिसलं की ओरडायचं, "थम! कौन आता है?" समोरच्यानं म्हणायचं, "दोस्त." मग ओळख पटवून पुढे सोडायचं. आमच्यातला एक रात्री ड्यूटीवर असताना खुद्द सुभेदार साहेब तपासणीला आले. यानं थांबवलं नाही, नुसता कडक सलाम ठोकला. का? तर "साहब, आपको पहचान लिया था." माणूस म्हणून हे योग्यच, संत्री म्हणून गुन्हा. दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी त्याला लंगरच्या दारात उभं केलं. चहाचा मग हातात घेऊन रांगेत आलेल्या एकेकाला त्यानं अडवायचं, आणि आम्ही उत्तर द्यायचं. तासभर "थम! कौन आता है?" आणि "दोस्त", "दोस्त", "दोस्त". लंगरचं मांजर आलं तेव्हाही त्यानं इमानानं विचारलं. मांजर उत्तर न देता आत गेलं. त्यावर संत्रीनं काय कारवाई करायला हवी होती, हा वाद बराकीत दिवे जाईपर्यंत चालला.

फायरिंग रेंजवर मात्र थट्टा कमी. तिथे जेवढे राउंड दिले, तेवढे रिकामे खोके गोळी सुटल्यावर परत मोजून द्यावे लागतात. एक जरी कमी भरला तरी कोणी जागचं हलत नाही. एका दिवशी असाच एक कमी आला. 5.56 मिलिमीटरच्या गोळीचं पितळी टरफल ते, लांबीला दोन पेरं. ऊन उतरलं, गाड्या थांबल्या, अख्खी कंपनी एका ओळीत गुडघ्यांवर बसून गवत चाळायला लागली. जुने खोके सापडले, एक चमचा सापडला, कोणाचं तरी बटण सापडलं. आपला खोका नाही.

रायफलीतला खोका उजवीकडे उडतो आणि उडताना चांगलाच तापलेला असतो. सकाळी फायरिंग चालू असताना एकजण अचानक किंचाळून उठून बसला होता. फायरिंग पॉइंटवर हलल्याबद्दल त्याच्या नावावर शिक्षा जमा झाली होती. आता अंधार पडत आलेला, उस्तादांचं डोकं फिरलेलं. त्यांनी ती उधारी वसूल करायला घेतली. चौथ्या की पाचव्या फ्रंट रोलला त्याच्या पँटीतून 'टण्' करून खोका दगडावर पडला. सकाळी कॉलरमधून आत गेला होता, बेल्टपाशी दिवसभर अडकून बसला होता, आणि भाजलं तरी बोलायची या बहाद्दराची छाती झाली नव्हती. फ्रंट रोलनं सगळे प्रश्न सुटतात हे उस्तादांचं लाडकं मत. त्या दिवशी ते सिद्ध झालं.

एकाच्या चुकीला सगळ्यांना रगडा हा अन्याय आहे, असं आम्ही रोज रात्री घोळक्यात बोलायचो. आता वाटतं, तो घोळकाच उस्तादांना हवा होता. विल्यम मॅक्नील नावाचे अमेरिकन इतिहासकार 1941मध्ये सैन्यात भरती झाले. टेक्सासमध्ये तासन्तास निरर्थक वाटणारी कवायत करताना त्यांना चक्क बरं वाटायला लागलं, आणि त्या कोड्यावर त्यांनी 1995मध्ये एक पुस्तक काढलं: माणसं एका तालात हलली की एकमेकांना बांधली जातात. पटतं. पण त्यांनी पावलांचा ताल धरला, आमच्या बाबतीत मी दाबलेल्या हसण्याचा धरेन. ज्याच्या शेजारी उभं राहून गाल चावलाय, त्याची भाषा यावी लागत नाही.

सगळंच गमतीचं नव्हतं, हेही सांगायला हवं. उन्हात कोणी कोसळला की उस्तादांचा आवाज एका क्षणात बदलायचा. बूट सैल करणं, सावलीत नेणं, पाणी मारणं ते स्वतः करायचे. ज्यांचा आवाज बदलत नसे असेही एक-दोन होते. ते हात उगारायचे. त्यांच्या शिक्षेत कधी कल्पकता दिसली नाही आणि त्यांच्या स्क्वाडात कोणाचे खांदेही हलत नसत. 2022पासून अग्निवीर म्हणून जाणाऱ्या आमच्याकडच्या पोरांना मी पहिलं हेच विचारतो, उस्ताद विनोदी आहे का?

उस्ताद स्वतः मात्र कधी हसले नाहीत. ट्रेन से आलेला पैलवान, मच्छरची मादी, पँटीतला खोका, कशालाच नाही. हा संयम कुठून येतो याचं आम्हाला फार नवल वाटे. आमच्यातला एकजण पुढे हवालदार होऊन उस्ताद म्हणून सेंटरला गेला, तेव्हा उलगडा झाला. जुन्या उस्तादांनी पहिल्याच आठवड्यात त्याला गुरुमंत्र दिला होता: हसू आवरेना की स्क्वाडला "पीछे मुड" द्यायचं. पाठी झाल्या की हसून घ्यायचं. तेवढ्यानं नाही भागलं, तर वर "तेज चल".

हे ऐकलं आणि ग्राउंडच्या टोकाची ती भिंत डोळ्यांपुढे आली. किती वेळा आम्हाला विनाकारण मागे वळवून तिकडे चालतं केलं होतं! "थम" यायचंच नाही. भिंतीला नाक टेकेपर्यंत जायचं आणि तिथेच कदमताल करत राहायचं. आम्हाला वाटायचं, उस्ताद आज फारच चिडलेत.