बंगालचा दुष्काळ आणि छापली गेलेली छायाचित्रे

१९४३ साली बंगालमध्ये लाखो माणसे अन्नावाचून मरत असतानाही सरकारने 'दुष्काळ संहिता', म्हणजे दुष्काळ जाहीर होताच मदतकार्य बंधनकारक करणारी नियमावली, लागू केली नाही आणि युद्धकालीन निर्बंधांमुळे वृत्तपत्रांचीही कोंडी झाली. अखेर २२ ऑगस्टला कलकत्त्याच्या 'स्टेट्समन'चे संपादक इयन स्टीफन्स यांनी उपासमारीची छायाचित्रे छापली. पत्र ब्रिटिश मालकीचे असल्याने त्याकडे दुर्लक्ष करणे सरकारला अवघड गेले. त्याहून मोलाचे काम मात्र खेड्यापाड्यांत झाले. चित्तप्रसाद यांनी मेदिनीपूर जिल्ह्यात हिंडून रेखाटलेली भुकेली माणसे 'हंग्री बेंगॉल' या पुस्तिकेत आली, जिच्या प्रती सरकारने जप्त केल्या, तर सुनील जाना यांची छायाचित्रे मुंबईहून निघणाऱ्या 'पीपल्स वॉर' या कम्युनिस्ट साप्ताहिकातून दूरवरच्या वाचकांपर्यंत पोहोचली.