लंगा : भिंतींवर लिहिलेला इतिहास

केपटाउनला जाणारा प्रवासी टेबल माउंटन पाहतो, समुद्र पाहतो, द्राक्षांचे मळे पाहतो आणि परततो. शहराच्या मध्यापासून सुमारें १२ किलोमीटरांवर, विमानतळाच्या वाटेवरच, लंगा नांवाची वसाहत आहे. तिकडे त्याची गाडी सहसा वळत नाहीं. ती वळावी असें आम्हांस वाटतें. अशा वसाहतीस दक्षिण आफ्रिकेंत 'टाउनशिप' म्हणतात. शब्द निरुपद्रवी दिसतो. परंतु गोऱ्यांच्या शहराबाहेर कायद्यानें आंखून दिलेली कृष्णवर्णीयांची वस्ती, असा त्याचा अर्थ होता. आज तेथील रहिवासीच पाहुण्यांस पायीं हिंडवून आपली कला आणि आपला इतिहास दाखवितात.

खोसा भाषेंत 'इलंगा' म्हणजे सूर्य. तथापि वसाहतीचें नांव पडलें तें ह्लुबी लोकांचा राजा लंगालिबालेले याच्यावरून. नाताळच्या इंग्रज सरकारनें त्याच्यावर बंडाचा आरोप ठेवला, १८७४ सालीं त्यास रॉबेन बेटावर धाडलें, आणि पुढें केपटाउनजवळच्या एका शेतावर अटकेंत ठेवलें. १९०१ सालीं केपटाउनांत प्लेग शिरला, तेव्हां गोदीच्या आसपास राहणाऱ्या आफ्रिकी मजुरांस आरोग्याच्या नांवाखालीं शहराबाहेर हलविण्यांत आलें. त्याच्या चारच वर्षें आधीं प्लेगच्या बंदोबस्तापायीं पुण्यानें काय सोसलें, हें आपल्या जुन्या घरांतून अजून सांगितलें जातें. पुण्याचा प्लेग ओसरल्यावर माणसें आपापल्या वाड्यांत परतलीं. तिकडे मात्र तात्पुरती व्यवस्था कायमची झाली, आणि १९२३ च्या कायद्याच्या आधारें १९२७ सालीं लंगा वसलें.

वाटाड्या प्रथम नेतो तो जुन्या पास-कचेरींत. तेथें आतां संग्रहालय आहे. सोळा वर्षांवरील प्रत्येक आफ्रिकी माणसास एक पुस्तिका सदैव जवळ बाळगावी लागे. तींत छायाचित्र, बोटांचे ठसे, आणि मालकाचें नांव. लोक तिला 'डोम्पास', म्हणजे मूर्ख पास, म्हणत. परवान्यावांचून शहरांत ७२ तासांहून अधिक राहणें हा गुन्हा होता, आणि त्याचा निवाडा याच आवारांतील न्यायालयांत होई. ही पुस्तिका ज्या १९५२ च्या कायद्यानें आली, त्याच्या नांवांत 'पासांचें निर्मूलन' हे शब्द होते! अलंकारशास्त्र शिकवितांना विपरीतलक्षणेचें याहून चोख उदाहरण सांपडणार नाहीं. पासांचा जांच हिंदी लोकांसही अनोळखी नव्हता. १९०८ च्या ऑगस्टांत जोहान्सबर्गच्या मशिदीसमोर गांधीजींच्या नेतृत्वाखालीं हिंदी लोकांनीं आपले नोंदणी-दाखले जाळले, तें याच जातीच्या कायद्याविरुद्ध.

२१ मार्च १९६० रोजीं शार्पव्हिल येथें पोलिसांनीं गोळीबार केला, हें जगास ठाऊक आहे. त्याच दिवशीं लंगांतही गोळ्या झाडल्या गेल्या, हें फारसें कोणास माहीत नसतें. पुढें ३० मार्च रोजीं २३ वर्षांच्या फिलिप क्गोसाना या तरुणाच्या मागोमाग सुमारें ३०,००० लोक शांतपणें चालत शहरांत गेले. मंत्र्यांची भेट घडवून देतों, असें पोलीस अधिकाऱ्यानें सांगितलें. क्गोसानानें शब्दावर विश्वास ठेवून समुदाय माघारीं फिरविला, आणि संध्याकाळीं भेटीस गेला तेव्हां त्यास अटक झाली. त्या रस्त्यास २०१७ पासून त्याचें नांव आहे. पासांचे कायदे मात्र १९८६ पर्यंत टिकले.

पण आमच्या मतें लंगाचें खरें दुःख वसतिगृहांत दिसतें. हीं एकट्या पुरुषांसाठीं बांधलेलीं होतीं. कायद्याला मजुराचे हात हवे होते. बायकामुलांनीं दूरच्या खेड्यांत राहावें, वर्षाकाठीं एकदां भेट व्हावी, असा हिशेब होता. पुढें कुटुंबें कायद्यास न जुमानतां आलीं, आणि एकेका खाटेवर एकेक संसार उभा राहिला. माम्फेला रम्फेले या विदुषीनें केपटाउनच्या या वसतिगृहांवर १९९३ सालीं ग्रंथ लिहिला, त्याचें नांवच 'घर म्हणविणारी खाट' अशा अर्थाचें आहे. एकत्र कुटुंबांत चुलत्या-पुतण्यांच्या गोंगाटाला कंटाळणाऱ्यांनीं हें अवश्य वाचावें.

हें पाहून पुढें निघालें कीं रस्त्यांतील घरें निराळीं दिसूं लागतात. बाहेरच्या भिंतींवर पुरुषभर उंच चित्रें : कोठें आजीबाईंचा चेहरा, कोठें वाद्य वाजविणारा. कांहीं कुटुंबांनीं तर पुढची खोलीच चित्रदालन केली आहे. ज्यांना घर असण्याचाच हक्क नव्हता, तेच आज परक्यास घरांत बोलावून भिंती दाखवितात. चित्र घेतल्यास पैसे त्या घरास व चित्रकारास मिळतात. छायाचित्र घेण्यापूर्वीं मात्र विचारावें. तो कोणाचा तरी संसार आहे. ब्रेंडा फासी ही विख्यात गायिका १९६४ सालीं याच वस्तींत जन्मली, आणि वाटाडे तिचें घर अभिमानानें दाखवितात.

फेरीचा शेवट बहुधा 'गुगा स्थेबे' या कलाकेंद्रांत होतो. नांवांत अन्न वाढण्याच्या जुन्या थाळीचा अर्थ आहे. कॅरिन स्मट्स या वास्तुविशारद बाईंची ही रंगीबेरंगी इमारत. भिंतींवर फुटक्या फरशीच्या तुकड्यांची जडावाची कामें आहेत. मागें मुलांचें नाट्यगृह आहे, तें मालवाहू पेट्या, गवताचे भारे, माती आणि फळांच्या खोक्यांच्या फळ्या यांतून, रहिवासी आणि परदेशी विद्यार्थी यांनीं मिळून उभारलें. आंतल्या दालनांत मातीचीं भांडीं रंगविलीं जातात, आणि तीं तेथेंच विकत मिळतात.