राजा क्विल्ट

राजा क्विल्ट ही इ.स. १८४१ मध्ये ‘राजा’ या जहाजावरील स्त्री-कैद्यांनी इंग्लंडहून व्हॅन डीमन्स लँडकडे (आजचा टास्मानिया) जाताना समुद्रप्रवासात हाताने शिवलेली, तुकडे जोडून केलेली एक मोठी चादर आहे. कापडाचे २,८१५ तुकडे जोडून ती तयार झाली असून तिची लांबी-रुंदी सुमारे ३२५ × ३३७ सेंटिमीटर आहे. ब्रिटनमधून ऑस्ट्रेलियाकडे हद्दपार झालेल्या स्त्रियांनी जहाजावर केलेल्या अशा कामांपैकी आज अस्तित्वात असल्याचे ज्ञात असलेला हा एकमेव नमुना होय. कॅनबेरा येथील नॅशनल गॅलरी ऑफ ऑस्ट्रेलिया या संग्रहालयात ती जतन केलेली आहे.

नाव आणि स्वरूप

चादरीला ‘क्विल्ट’ हे नाव रूढ झाले असले, तरी काटेकोर अर्थाने ती क्विल्ट नव्हे. क्विल्टमध्ये वरचे कापड, मधला थर आणि अस्तर हे तिन्ही एकत्र धरून त्यांतून टाके घातलेले असतात. महाराष्ट्रातील गोधडीचेही तत्त्व तेच आहे. जुन्या लुगड्यांच्या व धोतरांच्या घड्या एकावर एक रचून त्यांतून धावदोरा घातला, की गोधडी होते. राजा क्विल्टला मधला थर नाही आणि थर सांधणारे टाकेही नाहीत. तिच्यात केवळ वरचा थर, म्हणजे तुकडेजोड व त्यावर लावलेली नक्षी एवढेच आहे. म्हणून तिला पलंगपोस म्हणणे अधिक नेमके ठरते. दुसरा फरक कापडाचा आहे. गोधडी मुख्यतः वापरून विरलेल्या वस्त्रांची असते. राजा क्विल्टसाठी मात्र देणगीदाखल मिळालेले, छापील सुती कापडाचे तुकडे वापरले गेले.

‘राजा’ हे केवळ जहाजाचे नाव होते. चादरीचा कोणत्याही राजाशी किंवा संस्थानाशी संबंध नाही.

पार्श्वभूमी

इ.स. १७८८ ते १८६८ या काळात ब्रिटिश सरकारने सुमारे १,६२,००० कैद्यांना ऑस्ट्रेलियातील वसाहतींत धाडले. त्यांत सुमारे २५,००० स्त्रिया होत्या. अंदमानमुळे मराठी वाचकाला ‘काळे पाणी’ म्हणून परिचित असलेल्या शिक्षेचेच हे अधिक जुने रूप होय. बहुतेक स्त्रियांचा गुन्हा चोरीचा असे, तोही पुष्कळदा कपडे, कापड किंवा मालकाच्या घरातील किरकोळ वस्तूंचा. शिक्षा सात, दहा, चौदा वर्षांची किंवा आजन्म असली, तरी मुदत संपल्यावर परतीच्या प्रवासाचा खर्च सरकार देत नसे. त्यामुळे अल्प मुदतीची शिक्षाही व्यवहारात कायमची ताटातूट ठरे.

क्वेकर पंथाच्या समाजसुधारक एलिझाबेथ फ्राय (१७८०–१८४५) यांनी इ.स. १८१३ मध्ये लंडनच्या न्यूगेट तुरुंगातील स्त्रियांची दुरवस्था प्रथम पाहिली. इ.स. १८१७ मध्ये त्यांनी तेथे कैद्यांच्या मुलांसाठी शाळा काढली व स्त्रियांना शिवणकाम देण्यास आरंभ केला. पुढच्याच वर्षी त्यांनी हद्दपारीच्या जहाजांकडे लक्ष वळवले. तोवर स्त्रियांना बेड्या घालून, उघड्या गाड्यांतून, जमावाच्या देखत बंदरावर नेत असत. फ्राय यांच्या आग्रहामुळे त्यासाठी बंद गाड्या मिळू लागल्या.

जहाजांना भेटी देताना त्यांच्या ध्यानी आले, की कित्येक महिन्यांच्या प्रवासात या स्त्रियांना करण्यासारखे काहीच नसते. इ.स. १८१८ मध्ये ‘मारिया’ या जहाजावरील १२८ स्त्रियांचे बारा-बारा जणींचे वर्ग करण्यात आले आणि प्रत्येक वर्गाने आपल्यातूनच एक प्रमुख निवडली. मुलांना वाचन, विणकाम व शिवण शिकवण्यासाठी जहाजाच्या मागील भागात जागा राखली गेली. वसाहतीत तुकडेजोड कामाला गिऱ्हाईक आहे असे कळल्यावर रंगीत कापडाच्या तुकड्यांसाठी आवाहन करण्यात आले, आणि मँचेस्टरच्या मालाचा व्यापार करणाऱ्या लंडनमधील पेढ्यांनी एका दिवसात पुरेसे तुकडे पाठवून दिले. इ.स. १८२१ मध्ये स्थापन झालेल्या ‘ब्रिटिश लेडीज सोसायटी’ने हे कार्य पुढे नियमितपणे चालवले.

शिवणाची पिशवी

सोसायटीकडून प्रत्येक स्त्रीला जहाजावर चढताना काही वस्तू दिल्या जात. त्यांची यादी उपलब्ध असून तीत पुढील गोष्टी आढळतात:

बायबलची एक प्रत
गोणपाटाचा एक एप्रन आणि काळी सुती टोपी
एक फीत
एक औंस (सुमारे २८ ग्रॅम) टाचण्या
१०० सुया
पांढऱ्या दोऱ्याचे चार गुंडे. काळ्या, निळ्या व तांबड्या दोऱ्याचा प्रत्येकी एक गुंडा
रंगीत दोऱ्याच्या २४ लडी
एक अंगुस्तान आणि कात्री
दोन पौंड (सुमारे ९०० ग्रॅम) कापडाचे तुकडे

यादीतील १०० सुयांचा आकडा अर्थपूर्ण आहे. जहाजावर हरवलेली, मोडलेली किंवा खाऱ्या हवेने गंजलेली सुई बदलून मिळण्याची सोय नव्हती. अंगुस्तान आणि कात्री या वस्तू तर पुढे नव्या देशातही उपयोगी पडणाऱ्या होत्या. तयार झालेली वस्तू त्या स्त्रीचीच असे. ती वसाहतीत विकून चार पैसे हाती यावेत आणि उतरल्यावर निवारा शोधताना त्यांचा आधार व्हावा, हा देणाऱ्यांचा हेतू होता. रिओ दि जानेरो बंदरात जहाज थांबले असता काही स्त्रियांनी आपले काम तेथेच विकल्याचा उल्लेखही मिळतो. असे काम विकले गेले, वापरले गेले आणि झिजून गेले. राजा क्विल्ट विकण्यासाठी न करता भेट म्हणून केली गेली. ती टिकण्याचे हे एक मोठे कारण आहे.

१८४१ चा प्रवास

‘राजा’ जहाज ५ एप्रिल, १८४१ रोजी टेम्स नदीवरील वूलिच येथून निघाले आणि १९ जुलै, १८४१ रोजी होबार्ट येथे पोहोचले. प्रवास १०५ दिवसांचा झाला. निघताना जहाजावर १८० स्त्री-कैदी व त्यांतील काहींची मुले होती. वाटेत एका स्त्रीचा मृत्यू झाला. चार्ल्स फर्ग्युसन हे जहाजाचे कप्तान होते.

या प्रवासात केझाया हेटर ही तरुणी स्त्रियांची देखरेख करण्यासाठी नेमली गेली होती. तिने पूर्वी लंडनच्या मिलबँक तुरुंगात काम केले होते. होबार्टमध्ये गव्हर्नर सर जॉन फ्रँकलिन यांच्या पत्नी लेडी जेन फ्रँकलिन यांना स्त्री-कैद्यांसाठी संस्था उभारण्यात तिने साहाय्य करावे, अशी अपेक्षा होती. लेडी फ्रँकलिन यांचा एलिझाबेथ फ्राय यांच्याशी पत्रव्यवहार होता. चादरीचे काम हेटर हिच्या मार्गदर्शनाखाली झाले असे सामान्यतः मानले जाते. प्रवासादरम्यान तिचा आणि कप्तान फर्ग्युसन यांचा विवाह ठरला. तो पुढे इ.स. १८४३ मध्ये झाला.

प्रवासात चालणारे काम

तुकडेजोड काम प्रवासाला सोयीचे का, हे त्याच्या पद्धतीवरूनच स्पष्ट होते. त्याला माग, चौकट किंवा मोठे मेज लागत नाही. दोन छोटे तुकडे सुलट बाजू आत घेऊन जुळवायचे व कडेने टाके घालायचे, एवढे मांडीवर बसल्या जागी करता येते. समुद्र खवळला, प्रकाश गेला किंवा स्वयंपाकाची पाळी आली, तर काम कोणत्याही टाक्यावर थांबवून पिशवीत ठेवता येते. चूक झालीच तर तेवढाच जोड उसवून पुन्हा शिवता येतो. बाकीच्या कामाला धक्का लागत नाही.

शिकवण्याच्या दृष्टीनेही ही पद्धत सोयीची आहे. नवशिकीला सरळ कडांचे तुकडे जोडण्यास देता येतात, तर कसलेल्या हाताकडे वळणाच्या कडांची नक्षी सोपवता येते. दोघींचे काम शेवटी एकाच वस्तूत सामावते. मात्र त्यासाठी मापे सर्वांनी सारखी पाळावी लागतात. एका पट्टीतील प्रत्येक जोड दोऱ्याइतका जरी चुकला, तरी शेवटी ती पट्टी शेजारच्या पट्टीला जुळत नाही. म्हणून एवढ्या मोठ्या सामुदायिक चादरीत शिवणाऱ्या हातांइतकेच महत्त्व कापणी, वाटणी आणि तपासणी यांना असते.

रचना

चादरीची मांडणी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ब्रिटनमध्ये लोकप्रिय असलेल्या चौकटीच्या पद्धतीची आहे. प्रथम मध्यभाग तयार करून त्याभोवती एकेक चौकट वाढवत न्यायची, असा या पद्धतीचा क्रम असतो. पट्ट्या सुट्या शिवता येत असल्याने अनेकींना एकाच वेळी काम वाटून देणे शक्य होते.

मधल्या पांढऱ्या सुती चौकोनावर पक्षी व फुले आहेत. ती भरतकामाने काढलेली नाहीत. छापील कापडावरील आकृत्या कडेने कापून, पांढऱ्या कापडावर ठेवून बारीक टाक्यांनी बसवलेली आहेत. या पद्धतीला ‘ब्रोदरी पर्स’ असे फ्रेंच नाव आहे. महागडे छापील कापड थोडेच असले, तरी ते मोठ्या पृष्ठभागावर खुलवता येते, हा तिचा गुण होय. अशा कापडासाठी इंग्रजीत वापरला जाणारा ‘चिंट्झ’ हा शब्द भारतीय भाषांतील ‘छींट’ या शब्दापासून आला आहे. मराठीतील ‘छीट’ त्याच कुळातला. सतराव्या शतकात भारतातून युरोपात गेलेल्या या छापील व रंगवलेल्या कापडाची नक्कल पुढे ब्रिटिश गिरण्यांत होऊ लागली.

मध्यभागाभोवती छापील कापडाच्या तुकड्यांच्या १२ पट्ट्या आहेत. सर्वांत बाहेरची किनार पांढरी आहे. तिच्या तीन बाजूंवर डेझीची फुले लावलेली असून चौथ्या बाजूवर भरलेला मजकूर आहे.

कामाचा दर्जा सर्वत्र सारखा नाही. काही ठिकाणी टाके अत्यंत बारीक व समान अंतरावर आहेत, तर काही ठिकाणी ते ओबडधोबड आहेत. काही बारीक डाग सुई टोचून आलेल्या रक्ताचे असावेत असे मानले जाते. या असमानतेमुळेच चादर अनेक हातांची आहे आणि त्यांतील काही हात नुकतेच शिकत होते, हे दिसून येते.

भरलेला मजकूर

किनारीवरील मजकूर रेशमी दोऱ्याने, फुलीच्या टाक्यात भरलेला आहे. तो कैदी-जहाजांची व्यवस्था पाहणाऱ्या समितीतील स्त्रियांना उद्देशून आहे. इंग्लंडमध्ये असताना व प्रवासात आपल्या हितासाठी त्यांनी घेतलेल्या श्रमांची कृतज्ञतापूर्वक आठवण म्हणून ही चादर अर्पण केली आहे, आणि उद्योगी राहण्याचा त्यांचा उपदेश आपण वाया जाऊ दिला नाही याचेही ती प्रमाण आहे, असा त्याचा आशय आहे. शेवटी जून १८४१ असा काळ दिला आहे. यावरून हा मजकूर जहाज किनाऱ्याला लागण्यापूर्वीच, समुद्रात असताना भरला गेला हे समजते.

मजकुराची भाषा औपचारिक अर्पणपत्रिकेची आहे. त्यात शिवणाऱ्यांचा उल्लेख ‘राजा जहाजावरील कैदी’ असा सामूहिकच असून एकाही स्त्रीचे नाव नाही. त्यामुळे या शब्दांकडे दोन प्रकारे पाहिले जाते. एका दृष्टीने ती मनापासूनची कृतज्ञता आहे, कारण ज्यांना अन्यत्र केवळ तिरस्कारच मिळाला, त्यांना येथे कोणीतरी सुई आणि विश्वास दिला होता. दुसऱ्या दृष्टीने तो सुधारणा झाल्याचा पुरावा आहे आणि असा पुरावा सादर करणे देखरेख करणाऱ्यांनाही आवश्यक होते. या दोन्ही वाचनांत एक गोष्ट मात्र समान राहते. मजकूर कोणाच्याही वतीने लिहिलेला असो, टाके त्या स्त्रियांचेच आहेत.

होबार्टनंतर

उतरल्यावर या स्त्रियांचे मार्ग वेगळे झाले. व्हॅन डीमन्स लँडमध्ये स्त्री-कैद्यांना वसाहतवाल्यांच्या घरी नोकर म्हणून ठेवले जाई. नियमभंग केलेल्या, गरोदर किंवा काम नसलेल्या स्त्रियांची रवानगी होबार्टजवळील ‘कॅस्केड्स फीमेल फॅक्टरी’ या बंदिस्त कार्यशाळेत होत असे. ती इ.स. १८२८ पासून वापरात होती. इ.स. २०१० मध्ये ऑस्ट्रेलियातील कैदीस्थळांचा भाग म्हणून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत तिचा समावेश झाला. व्हॅन डीमन्स लँडकडील हद्दपारी इ.स. १८५३ मध्ये बंद झाली आणि इ.स. १८५६ मध्ये वसाहतीचे नाव टास्मानिया असे बदलण्यात आले.

पुनर्शोध आणि जतन

चादर पुढे ब्रिटनला गेली आणि जवळजवळ दीड शतक विस्मृतीत राहिली. इ.स. १९८७ मध्ये ती स्कॉटलंडमध्ये सापडली व इ.स. १९८९ मध्ये नॅशनल गॅलरी ऑफ ऑस्ट्रेलियाच्या संग्रहात दाखल झाली. इ.स. २०१० मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातील १७०० ते २०१० या काळातील क्विल्टांच्या प्रदर्शनासाठी ती पाठवण्यात आली होती.

सुती कापड, रेशमी दोरा आणि जुने रंग प्रकाशाने झपाट्याने उतरतात. त्यामुळे चादर कायम प्रदर्शनात ठेवली जात नाही. ती अल्पकाळच, मंद प्रकाशात दाखवली जाते.

महत्त्व

स्त्री-कैद्यांविषयीची बहुतेक कागदपत्रे न्यायालये, तुरुंग आणि जहाजावरील वैद्यकीय अधिकारी यांनी तयार केलेली आहेत. त्यांत गुन्हा, शिक्षा, उंची, डोळ्यांचा रंग आणि वर्तणूक यांची नोंद असते. राजा क्विल्ट ही त्यांच्या स्वतःच्या हातांनी मागे राहिलेल्या मोजक्या वस्तूंपैकी एक असल्याने वस्त्रकलेच्या आणि स्त्रियांच्या इतिहासात तिला विशेष स्थान आहे.

तुरुंगात सुईकाम शिकवण्याची परंपरा आजही चालू आहे. ब्रिटनमधील ‘फाइन सेल वर्क’ ही इ.स. १९९७ मध्ये स्थापन झालेली संस्था कैद्यांना भरतकाम व क्विल्टकाम शिकवते आणि त्यांच्या कामाचा मोबदला देते. व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातील उपरोक्त प्रदर्शनात वॉन्ड्सवर्थ तुरुंगातील कैद्यांनी या संस्थेच्या साहाय्याने केलेले क्विल्टही मांडले होते. फाइन सेल वर्कच्या उपक्रमात पुरुष कैदीही मोठ्या संख्येने सहभागी होतात.